गप्प राहणाऱ्या मुलांविषयी

भद्रावतीहून नागपूर-पुण्याला शिकायला गेलेल्या गोंड मुलाचे मडावी किंवा आत्राम हे आडनाव ऐकताच कुणी ‘कोट्यातला’ म्हणते. तो हसून विषय बदलतो, घरच्यांशी फोनवर गोंडी बोलताना आवाज खाली आणतो. पाहणाऱ्याला वाटते, याने मनावर घेतले नाही. इथेच चूक होते. हसणे, टाळणे, दुप्पट अभ्यास करणे हे सारे ताण-सामना (ताण पेलण्यासाठी मनाने व वागण्याने केलेले प्रयत्न) या प्रकारात मोडते. चंद्रपूरच्या मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधला की डोके वाचते, पण ऊन कमी होत नाही, तसेच हे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अभ्यास करणारे साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स यांनी दाखवले की, तुटपुंज्या साधनांनिशी सतत नेटाने झुंजण्याची किंमत वाढत्या रक्तदाबातही मोजावी लागू शकते.

थट्टा सगळ्यांचीच होते, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण उंचीवरची थट्टा त्या मुलापाशी थांबते. आडनावावरची त्याच्या आईवडिलांपर्यंत पोहोचते आणि पुढच्या वर्गातही सोबत येते. मित्र, समाजाच्या संघटना, चांद्याच्या गोंड राजांचा इतिहास (वर्गात तो क्वचितच निघतो) यांचा आधार मोठा असतो. मात्र तो मुलानेच शोधायचा, असे ठरवले की संस्था मोकळी सुटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले, ते याचसाठी.