बोका पोत्यावर लघवी का करतो?

चैत्रात गहू घरात आला की मुरारच्या आसपासच्या शेतकरी घरांत मांजराला मान मिळतो. पोत्यांभोवती उंदीर, आणि उंदरांना मांजराचा धाक. पण त्याच बोक्याने एखाद्या सकाळी पोत्यावर लघवी केली की त्याच्या पाठीत काठी बसते. “माजलाय,” असे म्हणून त्याला दूर कोठे तरी नेऊन सोडतात. बंधुभगिनींनो, तसे करण्यापूर्वी थोडे थांबावे.

परदेशांत मांजरांचे वागणे समजावून मालकांना सल्ला देणे हा एक व्यवसाय आहे. ब्रिटनमध्ये पाळीव प्राण्यांविषयी असा सल्ला देणाऱ्यांची संघटना १९८९ साली निघाली. हा मांजराला वळण लावणारा मास्तर असावा, असे कोणाला वाटेल. पण तो निम्मा वेळ मालकालाच प्रश्न विचारतो. लघवी कोठे केली? बसून की उभ्याने? घराभोवती नवे काही घडले का? आणि मुख्य म्हणजे, पशुवैद्याने जनावर आधी तपासलेले असावे, असा त्याचा आग्रह असतो.

हेच प्रश्न आपणही विचारू शकतो. बोका उभा राहून, शेपटी वर थरथरवीत पोत्याच्या बाजूवर पिचकारी मारत असेल, तर ती हद्दीची खूण होय. परका बोका वाड्यात येऊ लागला की हे वाढते. खच्ची केल्यावर बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते किंवा पुष्कळ कमी होते. जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. फिनेल नको, ते पायाला लागते, मांजर पाय चाटते आणि विष पोटात जाते.

परंतु बोका पुनःपुन्हा बसतो, ओरडतो, मागचा भाग चाटतो आणि थेंबही पडत नाही, तर तो माजलेला नाही. त्याची लघवी तुंबली आहे. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. बारीक खड्यांनी किंवा चिकट गाळाने तो बंद होतो, आणि मग दोन-तीन दिवसांत जनावर दगावते. रविवार असला तरी त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मुळीच देऊ नये. माणसाचा ताप उतरवणारी ती गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. एरवी पाण्याची वाटी नेहमी भरलेली ठेवावी. दूध पाजले म्हणजे पाणी नको, हा समज सोडावा. मोठ्या मांजराला दुधाने पुष्कळदा हगवणच लागते.

घुरघुरणारे मांजर सुखी, हेही अर्धेच खरे. दुखणाईत मांजरही घुरघुरते. ते कोपऱ्यात लपते, अंग चाटणे सोडते, हात लावताच फिस्कारते. आपण म्हणतो, स्वभाव बिघडला.

अशा मांजराला उचलताना जाड गोणपाटात गुंडाळावे. तरीही चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद काही लावू नये. मांजरापासूनही रेबीज होतो, म्हणून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लशीविषयी विचारावे.