माग, कॅमेरा आणि पायाखालची जमीन

भिवंडीत यंत्रमागाला दोन भाव असतात. चालत्या मागाचा भाव नगावर ठरतो, थांबलेल्या मागाचा वजनावर. गेल्या काही वर्षांत येथील अनेक कारखान्यांतले माग वजनावर विकले गेले. ज्या यंत्राने एका पिढीला पक्के घर दिले, मुलाबाळांची लग्ने लावली, तेच पुढच्या पिढीच्या डोळ्यांदेखत भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. मग ही गुंतवणूक चांगली म्हणायची की वाईट?

हा प्रश्न एकट्या यंत्रमागधारकाचा नाही. घरातला पैसा काढून यंत्रात किंवा कलाकृतीत घालणारी माणसे महाराष्ट्राने आणखीही पाहिली आहेत. दादासाहेब फाळके आणि भगवानदादा ही त्यांतली दोन ठळक नावे. या तिघांच्या हिशेबाच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या, तर गुंतवणुकीबद्दलचे आपले काही रूढ समज तपासून पाहता येतात.

जुन्या लोखंडाची कमाई

भिवंडी हे मूळचे हातमागाचे गाव. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेली मोमीन विणकर कुटुंबे येथे स्थिरावली. पुढे पद्मनगर भागात तेलुगूभाषक विणकरांची वस्ती वाढली. स्वातंत्र्यापूर्वीच वीज आणि यंत्रमाग आले. पण हे माग बहुतेक नवे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांनी वापरून टाकून दिलेले माग स्वस्तात आणायचे, दुरुस्त करायचे आणि पत्र्याच्या शेडमध्ये बसवायचे, अशी ती रीत होती. रचना शंभर वर्षांपूर्वीची, पण कोणताही कुशल जॉबर पान्याने सोडवू शकेल इतकी सोपी.

या गुंतवणुकीचे गुण उघड होते. भांडवल थोडे लागे आणि दुरुस्ती गल्लीतच होई. चार मागांचे सहा, सहाचे आठ, असे हळूहळू वाढता येई. १९४८च्या मूळ कारखाना कायद्यानुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की कारखान्याचे नियम लागू होत. म्हणून एकाच छपराखालचे माग कागदोपत्री अनेकांच्या नावे दाखवण्याचा प्रघात पडला. मालकाच्या नफ्यातला काही वाटा हा कामगाराला न मिळालेल्या सुट्टीचा, भविष्यनिर्वाह निधीचा आणि सुरक्षिततेचा होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. गिरण्या थंडावल्या, पण कापडाची मागणी थांबली नाही. विणकामाचा मोठा हिस्सा भिवंडीकडे वळला. १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांच्यातला सरकारी भेदही पुसट केला. त्या काळात ज्याच्याकडे माग होता, त्याने पैसा पाहिला.

पिकाचे गणित

माग मालकाचा असला, तरी मागावरचे सूत त्याचे असतेच असे नाही. भिवंडीतले असंख्य माग मजुरीवर चालतात. व्यापारी सूत देतो, मागवाला कोरे कापड विणून परत करतो आणि पिकामागे ठरलेले पैसे घेतो. इचलकरंजीकडे अशा मालकाला ‘खर्चीवाला’ म्हणतात. पिक म्हणजे धोट्याची एक फेरी, बाण्याचा एक धागा.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, कापडात इंचाला ५२ पिक आहेत आणि दर पिकाला १० पैसे आहे. म्हणजे मीटरला ५ रुपये २० पैसे मिळाले. जुना माग मिनिटाला साधारण १२० पिक टाकतो. मीटरभर कापडाला सुमारे २,०५० पिक लागतात. धागा तुटणे, कांडी बदलणे, वीज जाणे हे वजा करून माग दिवसाचे १८ तास चालला, तर ६३ मीटर कापड निघेल आणि हाती ३२८ रुपयांच्या आसपास येतील. त्यातून विणकराची मजुरी, वीजबिल, कांडीवाला, जॉबर, मेहता आणि शेडचे भाडे भागवायचे. उरले ते मालकाचे.

आता दर १० पैशांवरून ९ पैशांवर आला असे धरा. मालकाचे उत्पन्न दहा टक्क्यांनी घटले. पण वीजबिल आणि भाडे तेवढेच राहिले. म्हणजे एका पैशाचा सगळा भार उरलेल्या रकमेवर पडला. हा दर मागवाला एकटा ठरवत नाही. तो सुताच्या बाजारावर आणि व्यापाऱ्याच्या गरजेवर ठरतो.

जुन्या मागात एक सोय होती. त्याचे पैसे केव्हाच फिटलेले असल्यामुळे मंदीत तो बंद ठेवता येई. १९९९ साली केंद्राने तंत्रज्ञान सुधारणेसाठी कर्जावर व्याजसवलतीची योजना आणली. वेगवान रेपियर आणि एअरजेट माग आवाक्यात आल्यासारखे दिसू लागले. हे माग अनेक पट कापड विणतात, दर्जाही चांगला देतात. ज्यांच्याकडे स्वतःचे सूत आणि बांधलेले गिऱ्हाईक होते, त्यांना ते लाभले. पण मजुरीवर विणणाऱ्याने कर्ज काढून तोच माग घेतला, तर त्याचा हप्ता ठरलेला आणि पिकाचा दर मात्र परक्याच्या हातात. उत्तम यंत्र ही वाईट गुंतवणूक ठरते, ती अशी.

फाळक्यांच्या दोन गुंतवणुका

चित्रपटाच्या धंद्यातही हीच गाठ आहे. फाळके यांनी १९१२च्या फेब्रुवारीत लंडन गाठले, ते आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून. तेथून त्यांनी विल्यम्सन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि चित्रपट बनवण्याचे प्रत्यक्ष ज्ञान आणले. परतल्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा एक छोटा चित्रपट तयार केला. तो पाहून भांडवल पुरवणारा मिळाला. सरस्वतीबाईंनी कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून कलावंतांच्या जेवणापर्यंत सगळे अंगावर घेतले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

फाळक्यांचे धाडस सर्वांना ठाऊक आहे. त्या व्यवहाराची रचना सहसा कोणी पाहत नाही. कथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, रसायनशाळा ही सारी कामे एकाच घरात होती. कच्च्या मालापासून पडद्यापर्यंतची साखळी त्यांच्या हाताखाली होती. १९१८मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. तेव्हा कौशल्य फाळक्यांचे आणि भांडवल भागीदारांचे, अशी वाटणी झाली. लवकरच मतभेद झाले आणि फाळके बाहेर पडून काशीला गेले. पुढे परत आले, चित्रपटही काढले. पण धंद्याची सूत्रे पूर्वीसारखी त्यांच्या हाती राहिली नाहीत. १९४४ साली नाशिकला ते गेले, तेव्हा हलाखीतच होते. दुसरी गुंतवणूक पहिलीहून मोठी होती आणि कागदावर अधिक सुरक्षितही. फरक एवढाच की, दुसऱ्या वेळी फाळके आपल्याच कलेचे मजुरीवाले झाले होते.

‘अलबेला’नंतर

साखळी हातात असूनही डाव कसा उलटतो, हे भगवानदादांच्या आयुष्यात दिसते. भगवान आबाजी पालव हे मुंबईच्या गिरणी कामगाराचे पुत्र. लहान बजेटचे हाणामारीचे चित्रपट करत त्यांनी पैसा साठवला, चेंबूरला जागा घेऊन स्टुडिओ उभारला. १९५१मध्ये निर्माता, दिग्दर्शक आणि नायक म्हणून त्यांनी ‘अलबेला’ आणला आणि तो तुफान चालला. जुहूला बंगला झाला, दारात मोटारी आल्या. नंतरच्या चित्रपटांनी ती कमाई खाल्ली. ‘हँसते रहना’ या अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटात त्यांची उरलीसुरली पुंजी गेली, असे सांगितले जाते. बंगला आणि मोटारी विकल्या गेल्या. २००२ साली दादरच्या चाळीतल्या खोलीत त्यांचे निधन झाले.

स्टुडिओ इतरांना भाड्याने देऊनही चालतो. त्यात जोखीम वाटली जाते. एकाच चित्रपटात सर्वस्व घातले की ती वाटणी संपते. भिवंडीचा शहाणा मागवाला एकाच प्रकारचे कापड सगळ्या मागांवर लावत नाही, त्यामागचे कारण हेच.

शेड कोणाची?

भिवंडीच्या कथेचा शेवटचा भाग लोखंडाचा नाही, जमिनीचा आहे. तालुका मुंबईच्या जकात हद्दीबाहेर आणि महामार्गालगत असल्यामुळे मानकोली, पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर या गावांत गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. राज्याराज्यांत वेगळे गोदाम ठेवण्याची गरज घटली आणि मोठ्या गोदामांना मागणी आली. ज्यांच्या नावावर सातबारा होता किंवा शेड मालकीची होती, त्यांना मागाने कधी दिले नसते तेवढे भाडे मिळू लागले.

याचा अर्थ ‘जमीन घ्या’ असा सोपा काढता येत नाही. भिवंडीतले कितीतरी मागवाले भाड्याच्या शेडमध्ये आहेत. त्यांच्या तीन पिढ्यांची मेहनत जागेच्या मालकाच्या खात्यात जमा झाली. यांच्या वाट्याला माग मोडल्यावरच्या लोखंडाचे वजन आले. आणि तो माग चालवणारा विणकर? त्याची गुंतवणूक म्हणजे डोळे, कान आणि गावापासून दूर काढलेली वर्षे. मागाच्या खडखडाटात गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही काट्यावर मोजली जात नाही.

म्हणून कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्या तरुण मागवाल्याने, आणि स्टुडिओ, छापखाना किंवा नाटक कंपनी काढू पाहणाऱ्या कलावंतानेही, यंत्राच्या किमतीआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. कच्चा माल कोणाचा? तयार माल कोणाच्या नावाने विकला जाणार? पायाखालची जागा कोणाची? आणि सहा महिने काम थांबले, तर हप्ता कशातून भरायचा? चारांपैकी दोन उत्तरे जरी आपल्या बाजूची असली, तरी जुना माग पुरतो. एकही नसेल, तर नवाकोरा मागही आज ना उद्या वजनावरच विकावा लागतो.