जवळची प्रत, दूरची फाईल

शाळेच्या संगणकखोलीत यंत्रे अनेक असली तरी फायली बहुधा एकाच मोठ्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर असतात. प्रत्येक ओळीसाठी तिकडे धाव घ्यायची तर पाठ संपायचाच नाही. म्हणून पुढ्यातले यंत्र वाचलेला भाग आपल्या स्मृतीत ठेवून घेते. यालाच कॅश म्हणतात. घरी तांदळाचा डबा भरलेला असला की मूठभर तांदळासाठी दुकान गाठावे लागत नाही, तसेच हे.

परंतु डब्यातला तांदूळ बदलत नाही, फाईल बदलते. दुसऱ्या शिक्षकाने एका मुलाचे ३५ गुण दुरुस्त करून ५३ केले आणि आमच्या यंत्राने जुनीच प्रत दाखवली, तर प्रगतिपुस्तकात काय उतरेल?

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ साली एनएफएस ही पद्धत आणली. तिचा सर्व्हर मुद्दामच विसराळू ठेवला होता. कोणी कोणती फाईल उघडली, याची नोंद तो ठेवत नसे. त्यामुळे तो बंद पडून पुन्हा चालू झाला तरी काम पुढे चाले. मात्र फाईल बदलली का, हे आपल्या यंत्रानेच अधूनमधून विचारायचे. लिनक्समध्ये हा अवधी सामान्यतः ३ ते ६० सेकंदांचा असतो, आणि तेवढ्यात जुने गुण दिसू शकतात. म्हणून फाईल बंद करताना बदल सर्व्हरकडे पाठवायचे आणि उघडताना पुन्हा चौकशी करायची, असा रिवाज पडला.

बर्कले विद्यापीठाच्या स्प्राइटने दुसरी वाट धरली. तिथे सर्व्हर नोंद ठेवी, आणि एक जण लिहीत असताना दुसऱ्याने तीच फाईल उघडली, तर तिच्यापुरती कॅश बंद करी.

लिहिण्याची अडचण वेगळी होती. दुसऱ्या आवृत्तीत एका वेळी फार तर ८ किलोबाइट पाठवता येत आणि ते डिस्कवर उतरेपर्यंत सर्व्हर उत्तरच देत नसे. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हरने मजकूर आधी स्मृतीत घ्यावा, मग मागणी आल्यावर डिस्कवर पक्का करावा, अशी सोय झाली. पक्के झाल्याचा निरोप येईपर्यंत आपले यंत्र प्रत टाकून देत नाही. मध्येच सर्व्हर बंद पडून उठला, तर ते सारे पुन्हा पाठवते. आम्हांला ही सुधारणा सर्वांत मोलाची वाटते. २००० सालच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हर फाईल काही काळ एकाच यंत्राच्या हवाली करू लागला, दुसरा मागायला आला की परत बोलावतो.

तरीही दोघांनी एकाच वेळी गुण भरायला घेतले, तर कुलूप लावल्याशिवाय एकाचे लिखाण दुसऱ्याच्या लिखाणाखाली जाऊ शकते. तेव्हा एकाने फाईल बंद केल्यावरच दुसऱ्याने उघडावी.