फाल्गुनात टोमॅटो नको, भेंडी लावा

बागकामाच्या परदेशी पुस्तकांत वसंत म्हणजे लागवडीचा मुहूर्त. थंड देशांत ते खरेही आहे, पण कोकणात फेब्रुवारी सरता सरता हिवाळी भाज्यांचे दिवस संपलेले असतात. टोमॅटोचेच घ्या. रात्रीचे तापमान 24 अंशांच्या आसपास रेंगाळू लागले आणि दिवसाचे 32 च्या पुढे गेले, की त्याचे परागकण दुबळे होतात. झाड हिरवेगार दिसते, फुले मात्र देठाच्या सांध्याशी पिवळी पडून गळतात. अशा वेळी खत वाढवणे म्हणजे पाला माजवणे. पाणी भरपूर घातले, वर हिरवी जाळी बांधली, तर निभेल की, असे कुणी म्हणेल. जाळीने दुपारचे ऊन अडते, पाण्याने मुळांची तहान भागते. समुद्रकाठच्या दमट रात्रीचा उकाडा दोन्हींनी हटत नाही.

म्हणून हवेशी भांडण्यापेक्षा पीक बदलावे. भेंडी, चवळी, लाल माठ, काकडी, दुधी यांना हीच ऊब हवी असते. भेंडीचे बी रात्रभर भिजवून सकाळी दोन सेंटिमीटर खोल टोकावे. जांभ्याच्या मातीत पाणी टिकत नाही, तेव्हा आळ्यात दोन-तीन इंच पालापाचोळा पसरावा, बुंध्याजवळची चार बोटे जागा मोकळी सोडून. नाहीतर बुंधा कुजतो. आच्छादनात वाळवी येते ही तक्रार खोटी नाही, पण त्यासाठी माती उघडी टाकणे महागात पडते. पाचोळा अधूनमधून उकरून पाहिला तरी पुरे. पाणी सकाळीच, तेही मुळाशी. संध्याकाळी भिजलेली पाने रात्रभर ओली राहतात आणि बुरशीचे आयतेच फावते.