उत्तरदाता ते संशोधक

मी शाळेत असताना आमच्या वस्तीत विद्यापीठातले एक संशोधक प्रश्नावली घेऊन आले होते. घरात माणसे किती, पाणी कुठून आणता, मेलेली जनावरे अजून ओढता का, असे ते विचारीत आणि आई दारात उभी राहून उत्तरे देई. त्यांच्या कागदावर आईचे नाव नव्हते. उत्तरदाता म्हणून केवळ एक क्रमांक होता. त्या पाहणीचे पुढे काय झाले, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. अलीकडे विद्यापीठांतील दलित प्राध्यापकांचे ग्रंथ वाचताना मला तो कागद आठवतो.

ज्ञानाच्या क्षेत्रातली ही वर्णव्यवस्था प्रा. गोपाळ गुरू यांनी २००२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तील लेखात उघड केली. सिद्धान्त उच्चवर्णीयांनी मांडायचा आणि दलित-बहुजनांनी अनुभव व आकडे पुरवायचे, अशी ही वाटणी. दलितांनी सिद्धान्ताच्या प्रांतात शिरले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. २०१२ साली सुंदर सरुक्कई यांच्यासह लिहिलेल्या ‘द क्रॅक्ड मिरर’मध्ये त्यांनी अनुभव आणि सिद्धान्त यांच्या नात्याचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पातळीवर नेला.

आकड्यांचेही असेच. शिक्षण घेतले की जात आडवी येत नाही, असे आम्हांला नेहमी ऐकवले जाते. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून हे तपासले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. या संशोधनाने आमच्या तक्रारीला पुरावा दिला.

परंतु मला सर्वांत अस्वस्थ केले ते डॉ. शैलजा पाईक यांच्या ग्रंथाने. नगर जिल्ह्यातील पोहेगावच्या आणि पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या पाईक अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवतात. २०१४ साली त्यांनी दलित स्त्रियांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिला. २०२२ साली ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ आला, आणि २०२४ साली मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या दलित ठरल्या.

ग्रंथाचा विषय तमाशा. फडातल्या दलित स्त्रीला ‘अश्लील’ कोणी ठरवले? जे तिच्यापुढे पैसा उधळत होते, त्याच समाजाने. पुढे महाराष्ट्राची ‘अस्सल’ लोककला म्हणून तमाशाचा गौरव झाला, तरी तिच्या अंगावरचा शिक्का पुसला गेला नाही. पठ्ठे बापूराव शाहीर म्हणून अजरामर झाले. त्यांच्यासोबत उभी राहिलेली पवळा मात्र त्यांच्या चरित्राच्या समासात राहिली. पाईक तिला मध्यभागी आणतात.

त्या येथेच थांबत नाहीत. बाबासाहेबांनी तमाशाच्या पैशाची देणगी नाकारली, कारण त्यांना माणुसकी हवी होती. ती भूमिका त्या काळाची गरज होती, हे मी आजही मानतो. पण ज्या बायकांचे पोट फडावर होते, त्यांचे काय झाले, हा प्रश्न आम्ही विचारला का? माझी एक चुलत आत्या फडात होती. तिच्या पैशावर घरातली दोन मुले शिकली. मी प्राध्यापक झालो आणि चारचौघांत तिचे नाव घेणे टाळत राहिलो. प्रस्थापितांनी तिला अश्लील म्हटले, मी तिला अदृश्य केले.

सर्जनशील लेखनातही हे आत्मभान दिसते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात काम केलेल्या शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘सनातन’ कादंबरीला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला.

या गौरवांचा आनंद आहेच. तरीही एक खंत उरते. वर सांगितलेले संशोधन मूळ इंग्रजीत झाले आहे. ज्या बायांच्या आयुष्यावर ते उभे आहे, त्यांच्या घरी इंग्रजी नाही. म्हणून मराठी शिकवणाऱ्या आम्हां मंडळींचे काम उघड आहे: या ग्रंथांचा आशय मराठीत आणावा, वस्तीतल्या वाचनालयात त्यावर बोलावे आणि म्हाताऱ्या बायांचे म्हणणे ऐकून घ्यावे. त्या कदाचित संशोधकाची चूकही दाखवतील. माझ्या आईला तशी संधी कोणी दिली नाही.