नवीन बांधलेलं इंजिन टकटक का करतं? जुन्या पद्मिनीच्या टॅपेटची गोष्ट

आजचा भाग खास कानांसाठी आहे. नेहमीप्रमाणे हे त्याचं लिखित रूप, म्हणजे गाडीजवळ उभं राहून मोबाईलवर वाचता येईल.

एका श्रोत्याने छोटी क्लिप पाठवली. घरातली जुनी प्रीमियर पद्मिनी, इंजिन नुकतंच ओव्हरहॉल केलेलं, आणि बॉनेट उघडलं की टक-टक-टक. एक मेकॅनिक म्हणतो, "टॅपेट टाईट करून देतो, आवाज बंद." दुसरा म्हणतो, "इंजिन परत खोलावं लागेल." आता कोणाचं ऐकायचं? मी म्हणतो, आधी इंजिनचं ऐका.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत जे इंजिन धावलं, तेच हे. 1089 सीसी, 4 सिलिंडर, 8 व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. या साखळीत थोडीशी फट मुद्दाम ठेवलेली असते. आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये ती फट तेलाच्या दाबावर आपोआप भरून निघते. इथे तशी सोय नाही. त्यामुळे शिलाई मशीनसारखा हलका, एकसारखा आवाज येणारच. तो आजार नाही.

फट कशाला हवी? इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो. फट नसेल तर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकला नाही, तर जळतो. आणि गंमत बघा, असा टाईट व्हॉल्व्ह आवाजच करत नाही. म्हणून "टाईट करून आवाज बंद" हे ऐकलं की सावध व्हा. ढिला टॅपेट ओरडून सांगतो, टाईट टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह खातो.

आता निदान.

पहिलं, वेग मोजा. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. 800 आरपीएमवर एक ढिला टॅपेट सेकंदाला साधारण 6-7 वेळा वाजतो. क्रँकच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 13 वेळा, खालून जड ठोका येत असेल तर प्रकरण वेगळं. तेव्हा गाडी बंद करा आणि ऑइल प्रेशर तपासून घ्या.

दुसरं, जागा शोधा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरवर ठेवा आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. मात्र ओढणी, सैल बाही, केस पंख्यापासून लांब! ब्लॉकच्या बाजूचा पेट्रोल पंपही कॅमशाफ्टवरच चालतो, तोही टिकटिकतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल तर हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो. पण तो बहुतेक वेळा थंड इंजिनवर जास्त आणि तापल्यावर कमी होतो. सांध्याजवळ काजळी दिसते का तेही बघा.

तिसरं, फिलर गेज. मॅन्युअलमध्ये इनलेट आणि एक्झॉस्टचं माप दिलेलं असतं. इंजिन थंड असताना मोजायचं की गरम, तेही लिहिलेलं असतं. तेच पाळा. 4 नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह 'झुलत' असतात, म्हणजे एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा 1 नंबरचे मोजायचे. आणि उलट. 2 आणि 3 ची तशीच जोडी. लॉक नट आवळल्यावर परत एकदा मोजा, कारण आवळताना माप हलतं.

चौथं, माप बरोबर आहे आणि तरी आवाज? मग रॉकरचं टोक बघा. जुन्या रॉकरला खड्डा पडलेला असतो. सपाट गेज त्या खड्ड्यावरून पुलासारखी जाते आणि खरी फट मोजलीच जात नाही. रॉकर काढून घासून घ्यावा किंवा बदलावा. पुशरॉड काचेवर लोळवून बघा, वाकलेला असेल तर डुगडुगेल. आणि रॉकर शाफ्टला तेल पोचतंय ना? ओव्हरहॉलमध्ये तेलाचं भोक बुजलं, तर सगळं वरचं काम कोरडं चालतं.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: वही ठेवा. आठही मापं तारखेसकट लिहा, मोबाईलच्या नोट्समध्ये चालेल. काहीशे किलोमीटरनंतर परत मोजा. सगळीकडे फट थोडी कमी झाली असेल, तर हेड गॅस्केट आणि व्हॉल्व्ह सीट बसतायत. परत सेट करा, विषय संपला. पण एकाच व्हॉल्व्हची फट दरवेळी वाढत असेल, तर कुठेतरी धातू झिजतोय. बहुतेक वेळा कॅमचा उंचवटा किंवा टॅपेटचा तळ. तो चुरा तेलातून बेअरिंगपर्यंत जातो. अशा वेळी नुसतं ॲडजस्ट करत राहणं म्हणजे दुखणं झाकणं. इथे "इंजिन खोला" म्हणणारा मेकॅनिक बरोबर असतो.

म्हणजे दोघांपैकी कोण बरोबर, हे आवाजाच्या मोठेपणावर ठरत नाही. आठ आकड्यांवर ठरतं. ते आकडे घेऊन गॅरेजमध्ये जा, बोलणं आपोआप वेगळं होईल.

तुमच्या गाडीची क्लिप पाठवताना इंजिन थंड होतं की गरम, तेवढं नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!