ब्रॉडबँडचा डेटा : हिशेब शेततळ्यासारखा

ब्रॉडबँडचा वेग म्हणजे ड्रीपरचा प्रवाह. डेटा मर्यादा म्हणजे शेततळ्यातील एकूण पाणी. हवामान अंदाज, लासलगावचे कांदाभाव पाहण्यास डेटा अल्प लागतो. मात्र द्राक्षबागेवरील कॅमेरा 1 एमबीपीएस वेगाने सतत चित्रण पाठवीत असल्यास दररोज 10.8 जीबी, म्हणजे 30 दिवसांत 324 जीबी खर्च होतो. मर्यादा संपल्यावर बहुतेक योजनांत जोडणी तुटत नाही, वेग घटतो. तो 512 केबीपीएसखाली नेऊ नये, असे ‘ट्राय’ने 2016 मध्ये बजावले. एवढ्या वेगात अंदाज उघडतो, पण राखणीचे चित्रण अडखळते. म्हणून योजना घेताना मर्यादा व त्यानंतरचा वेग, दोन्ही विचारावेत. कॅमेरा हालचाल टिपल्यावरच चित्रण पाठवील, असा लावावा.